दोघांसाठी मशरूम पास्ता : सगळा खेळ पाण्याचा

घरी केलेला मशरूम पास्ता बहुतेक वेळा पाण्यामुळे फसतो. मशरूमला सुटलेलं पाणी आटायच्या आत कढईत क्रीम पडतं. पास्ता उकळायच्या पाण्यात मीठ कमी पडतं. आणि पास्ता शिजल्यावर जे पाणी सॉस बांधायला हवं असतं, ते थेट सिंकमध्ये ओतलं जातं. या तीन जागा सांभाळल्या तर पहिल्यांदा करणाऱ्यालाही हा पदार्थ छान जमतो. त्याला ओव्हन लागत नाही, महागडी भांडी लागत नाहीत. दोन बर्नरची शेगडी आणि एक जाड बुडाची कढई पुरते.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : शिजलेला पास्ता थांबत नाही. भात झाकून ठेवला तर अर्धा तास छान राहतो. पास्ता पाचच मिनिटांत सॉस पिऊन घट्ट होतो. म्हणून इथला क्रम असा लावला आहे की पाहुणा आल्यावर तुम्हाला ओट्याशी फक्त शेवटची पंधराएक मिनिटं लागतील. खास कुणासाठी जेवण करायचं आणि ते माणूस बाहेर एकटं मोबाइल बघत बसलंय, असं व्हायला नको.

आधी विचारून घ्या

मुंबईत एका मजल्यावरच्या चार घरांत चार तऱ्हेची पानं वाढली जातात. जैन घरांत मशरूम चालत नाहीत, कांदा-लसूणही नाही. बऱ्याच मराठी घरांत चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. सरप्राइज द्यायचं असलं तरी दोन दिवस आधी बोलता बोलता हे काढून घ्या. दूध किंवा गहू सोसत नाही असं काही आहे का, तेही. मशरूम बुळबुळीत लागतात म्हणून नको म्हणणारे खूप भेटतात. त्यांनी बहुतेकदा स्वतःच्याच पाण्यात शिजलेले मशरूम खाल्लेले असतात. नीट खरपूस परतलेला मशरूम बुळबुळीत लागत नाही. पण पहिल्याच जेवणाला कुणाचं मत बदलायचा आग्रह धरू नका.

चीजचा प्रश्न जास्त नाजूक आहे. इटलीचं ‘पार्मिजानो रेज्जानो’ हे नाव लावणारं चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध थिजवणाऱ्या पदार्थाने, विरजलं जातं, तसा त्याचा नियमच आहे. कडक शाकाहारी माणसाला ते चालणार नाही. भारतात तयार होणारी, सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेट वापरलेली पार्मेजान पद्धतीची चीज मिळतात. वेष्टनावर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका बघूनच घ्या. तसंच पास्त्याचं. घरट्यासारख्या गुंडाळ्यांमध्ये येणाऱ्या रुंद पट्ट्यांच्या पास्त्यात आणि ताज्या पास्त्यात अंडं असू शकतं.

बाजारात काय बघायचं

मशरूम म्हणजे इथे पांढरे बटन मशरूम. भाजीवाल्याकडे, सुपरमार्केटमध्ये किंवा घरपोच अ‍ॅपवर ते साधारण २०० ग्रॅमच्या पॅकमध्ये येतात. दोघांसाठी असे दोन पॅक घ्या. ४०० ग्रॅम बघून खूप वाटतील, पण त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि परतल्यावर ते जेमतेम दीड वाटी उरतात. एकाच पॅकवर भागवलं की ताटात पास्ताच पास्ता दिसतो आणि मशरूम शोधावे लागतात.

पॅक उलटा करून बघा. आतून पाण्याचे थेंब जमलेले नसावेत. टोपी देठाशी मिटलेली असावी. टोपी उघडून खालच्या काळपट पातळ चुण्या दिसायला लागल्या की मशरूम जुने झाले. ते खाता येतात, पण सॉस करडा पडतो. हाताला चिकट लागणारे किंवा आंबूस वास येणारे मुळीच घेऊ नका. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत हा चिकटपणा एका दिवसात येतो. म्हणून घरी आणल्यावर प्लास्टिक काढा, मशरूम कागदी किंवा सुती पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत वापरा.

तपकिरी ‘क्रेमिनी’ आणि मोठे ‘पोर्टोबेलो’ मिळाले तर चांगलंच, पण त्यांच्यासाठी शहरभर फिरू नका. ही तिन्ही एकाच जातीच्या अळंबीची रूपं आहेत. तपकिरीची चव थोडी गडद असते एवढंच. त्यापेक्षा खिशाला परवडणारी आणि चवीत खरा फरक पाडणारी वस्तू म्हणजे शिटाके जातीचे सुके मशरूम. क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईत, किंवा वांद्र्याच्या पाली मार्केटसारख्या ठिकाणी परदेशी जिन्नस ठेवणाऱ्या दुकानांत विचारा. चार-पाच सुके शिटाके पुरतात. वाळवलेल्या शिटाकेत ग्वानिलेट नावाचा घटक भरपूर असतो आणि मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट. हे दोन एकत्र आले की दोन्हींची चव एकेकट्यापेक्षा कितीतरी भरदार लागते. नाहीच मिळाले तर त्यांच्याशिवाय करा, त्यापायी बेत रद्द करू नका.

धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, वापरायचे असतील तर सुरी लावू नका. रेषेरेषेने हाताने फाडा, नाहीतर ते चामट लागतात.

पावसाळ्यात पालघर-रायगडकडून रानातली अळंबी विकायला येते. जाणत्या विक्रेत्याकडून घेतलेली ती चवीला अप्रतिम असते, पण तिची जागा कांदा-खोबऱ्याच्या रश्शात. क्रीमखाली तिचा रानवट गंध दबून जातो. आणि आरेच्या झाडीत किंवा बागेत दिसलेली छत्री स्वतः खुडून कधीही आणू नका. काही विषारी अळंबींचं विष उकळून, परतून कशानेही जात नाही.

पास्ता घेताना पाकिटाच्या मागची घटकांची ओळ वाचा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेलं हवं. ड्युरम म्हणजे आपल्या बन्सी गव्हाच्या जातकुळीतला कडक गहू. त्याच्या शेवया खिरीत तुटत नाहीत, तसाच त्याचा पास्ता उकळत्या पाण्यात आकार सोडत नाही. इटलीत सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असावा असा १९६७ पासून कायदा आहे. मैद्याचा स्वस्त पास्ता एका मिनिटाच्या फरकाने लगदा होतो आणि नवशिक्याला तो एक मिनिट सांभाळणं अवघड जातं. १०० ग्रॅममागे १२ ग्रॅम किंवा जास्त प्रथिनं लिहिलेली असतील तर पास्ता निश्चिंत मनाने घ्या.

आकार कोणता? चित्रात रुंद पट्ट्यांचा फेटुचिनी सुंदर दिसतो, पण पहिल्यांदा करताना पेने किंवा रिगातोनी हे नळीसारखे आकार घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. छोट्या कढईत ते सहज हलवता येतात, सॉस पोकळीत भरतो, आणि खाताना काट्याने एकेक उचलता येतात. लांब पास्ता गुंडाळायची सवय नसेल तर समोरच्या माणसासमोर अवघडल्यासारखं होतं आणि सॉस कपड्यांवर उडतो तो वेगळाच.

दोघांसाठी प्रमाण

पेने १८० ग्रॅम. बटन मशरूम ४०० ग्रॅम. सुके शिटाके ४-५. कांदा एक लहान, सुमारे ५० ग्रॅम. लसूण ६ पाकळ्या. गावठी लसूण असेल तर १०. तेल २ टेबलस्पून, सूर्यफुलाचं किंवा साधं ऑलिव्ह. बटर ३० ग्रॅम. टेट्रा पॅकमधली फ्रेश क्रीम १०० मिली. पार्मेजान पद्धतीचं चीज ४० ग्रॅम, अगदी बारीक किसलेलं. थाइम नावाची सुकी सुगंधी पानं अर्धा टीस्पून. ताजी भरड कुटलेली मिरी. एक लिंबू. पार्सली मिळाली तर मूठभर.

टीस्पून म्हणजे ५ मिली, टेबलस्पून म्हणजे १५ मिली. घरातले चमचे आकाराला भलतेच निघतात, एकदा मोजून बघा. बटर खारं असेल, आणि आपल्याकडे पिवळ्या पाकिटात मिळणारं बहुतेक खारंच असतं, तर वरून मीठ घालताना हात आखडा.

पार्सलीला पर्याय म्हणून कोथिंबीर घालू नका. तिचा वास मशरूमच्या वासावर चढतो आणि पदार्थ अर्धा पास्ता, अर्धी भाजी होऊन बसतो. पार्सली नसेल तर काहीच नको, लिंबाची किसलेली साल पुरेशी आहे. क्रीमऐवजी घरची सायही घालू नका. गरम सॉसमध्ये तिच्या गुठळ्या होतात आणि तूप वेगळं सुटतं. डब्यातलं प्रोसेस्ड चीज पर्याय म्हणून चालतं, पण २५ ग्रॅमच्या वर नको. ते खारट असतं आणि त्यातल्या क्षारांमुळे सॉस चिकट, खिरीसारखा होतो.

संध्याकाळची तयारी

जेवण साडेआठला धरू. सातला सुरुवात करा.

शिटाके एक कप कोमट पाण्यात भिजत घाला, अर्धा तास. क्रीम फ्रिजबाहेर काढा. थंडगार क्रीम तापलेल्या कढईत ओतलं तर फाटण्याची शक्यता वाढते. चीज किसून झाकून ठेवा. किसणीची सर्वांत बारीक बाजू वापरा. जाड किसलेलं चीज वितळायला जास्त उष्णता मागतं, आणि त्या उष्णतेत त्याच्या तारा होतात.

मशरूम धुवायचे की पुसायचे, यावर बरीच चर्चा होते. आपल्याकडच्या पॅकमध्ये देठाला काळी माती असतेच, तेव्हा धुवा. अख्खे असताना, वाहत्या पाण्याखाली, चटकन. एवढ्यात ते फारसं पाणी पीत नाहीत. भिजत मात्र घालू नका आणि कापल्यावर धुऊ नका. लगेच कोरड्या फडक्यावर पसरून टिपून घ्या. देठाचं टोक उडवा आणि जवळजवळ एक सेंटीमीटर जाडीचे काप करा. पातळ काप परतताना अदृश्य होतात.

लिंबाची फक्त पिवळी साल किसून घ्या, पांढरा भाग कडू लागतो. कांदा आणि लसूण बारीक चिरा. लसूण ठेचू नका. ठेचलेला लसूण लवकर करपतो आणि नाजूक सॉसमध्ये फार तिखट बोलतो.

मशरूम परतणं : इथे घाई नको

सगळा पदार्थ या पंधरा-वीस मिनिटांवर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

पाणी आहे तोवर कढईतल्या जिनसाचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. मशरूमला खरपूस तपकिरी रंग आणि ती भाजल्याची खोल चव येते ती साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे आधी सगळं पाणी उडायला हवं, मगच रंग. एकाच वेळी ४०० ग्रॅम मशरूम कढईत लोटले तर सगळ्यांचं पाणी एकदम सुटतं, आच त्याला पुरी पडत नाही, आणि मशरूम स्वतःच्याच रश्शात उकडतात. रंग करडा, स्पर्श रबरी. म्हणून दोन घाणे.

जाड बुडाची, रुंद कढई किंवा पॅन घ्या, २६ ते २८ सेंटीमीटरचा. स्टीलचा उत्तम. लोखंडी तव्यावर किंवा बिडाच्या भांड्यात मशरूम सुंदर भाजले जातात, मात्र सॉस त्यात करू नका. लिंबू आणि क्रीम लोखंडात काळवंडतात. नॉनस्टिक असेल तर तो रिकामा मोठ्या आचेवर तापवायचा नाही, तेल आणि मशरूम घालूनच आच वाढवायची. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, हा वास पडद्यांत राहतो.

मोठ्या आचेवर एक टेबलस्पून तेल तापवा. निम्मे मशरूम एका थरात पसरा आणि दोन-तीन मिनिटं त्यांना हात लावू नका. सारखं हलवायचा मोह होतो, तो आवरा. काप बुडाला टेकून राहिला तरच त्याला रंग येतो. मग उलटा.

आता कान द्या. सुरुवातीला चर्र आवाज असतो. पाणी सुटलं की त्याची बुडबुड होते, उकळीसारखी. नवशिके इथेच थांबतात, कारण मशरूम मऊ दिसतात आणि झाले असं वाटतं. थांबू नका. तीन-चार मिनिटांत पाणी आटतं आणि पुन्हा कोरडा, तडतडता चर्र आवाज येतो. खरं परतणं आत्ता सुरू झालं. यापुढे दोन ते तीन मिनिटं, कडा गडद तपकिरी होईपर्यंत. एका घाण्याला एकूण आठ ते दहा मिनिटं लागतात. मीठ शेवटी, चिमूटभर. आधी घातलं तर पाणी लवकर आणि एकदम सुटतं.

जास्त शिजून मशरूमचा गाळ होईल ही भीती बाळगू नका. भाजीच्या पेशींची भिंत शिजून विरघळते. मशरूमची भिंत कायटिनची असते, खेकड्या-कोळंबीच्या कवचात असतं ते. शिजवल्याने ती विरत नाही. मशरूम पाच मिनिटं जास्त झाला तरी चावा टिकवतो. हा त्याचा मोठेपणा नवशिक्याच्या फार कामी येतो.

दोन्ही घाणे ताटात काढून ठेवा. आता त्याच कढईत, बारीक आचेवर, १५ ग्रॅम बटर आणि कांदा. चार-पाच मिनिटं, कांदा पारदर्शक होईपर्यंत; तांबूस करायचा नाही, गोडसर मऊ करायचा आहे. थाइम आणि लसूण घालून फक्त ४० सेकंद. लसणाचा कच्चा वास जाऊन गोड वास आला की थांबा. करपला तर तो फेकून नव्याने करा, करपल्या लसणाचा कडवटपणा क्रीममध्ये जास्तच जाणवतो. शिटाके पिळून, कडक देठ काढून, पातळ कापून यात घाला. भिजवलेलं पाणी चहाच्या गाळणीत फडकं ठेवून गाळा, तळाशी रेती असते. त्यातलं १०० मिली कढईत ओतून बुडाला चिकटलेला तपकिरी थर उलथन्याने खरवडा. सगळी चव तिथे चिकटलेली असते. दोन-तीन चमचे पाणी उरेपर्यंत आटवा, परतलेले मशरूम परत घाला, झाका, गॅस बंद.

एव्हाना पावणेआठ झाले असतील. हे मिश्रण तासभर बाहेर राहिलं तर बिघडत नाही. त्याहून उशीर होणार असेल, किंवा मे महिन्याचा उकाडा असेल, तर निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. क्रीम मात्र आत्ता घालू नका, घट्ट होऊन बसेल.

पाणी आणि पास्ता

आठला मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी उकळा, झाकून गॅस बंद करा. आता पाहुण्याची लोकल दादरला अडकली तरी हरकत नाही. गरम पाणी पुन्हा उकळायला मोजकी मिनिटं लागतात. पास्ता मात्र ‘अंधेरी सोडली’ असा मेसेज आला म्हणून टाकायचा नाही. माणूस घरात आलं, हातपाय धुतले, पाणी प्यायलं, मग.

उकळत्या पाण्यात १५ ग्रॅम मीठ, म्हणजे अडीच सपाट टीस्पून. पास्त्याच्या आत मीठ शिरायची ही एकमेव वेळ आहे. नंतर सॉसमध्ये कितीही घाला, सॉस खारट आणि पास्ता अळणीच लागतो. चीज आणि बटर खारं नसतं तर आम्ही २० ग्रॅम सांगितलं असतं. पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगतं, पास्ता काढताना त्याला चिकटतं, आणि मग सॉस त्यावर ठरत नाही. पास्ता चिकटू नये म्हणून पहिलं एक मिनिट ढवळणं पुरतं.

पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला एक पेने काढून चावा. मधोमध रव्याचा बारीक पांढरा ठिपका दिसला की पातेल्यातून काढायची वेळ झाली. उरलेली दोन मिनिटं तो सॉसमध्ये शिजणार आहे. उकळण्याच्या सातव्या मिनिटालाच दुसऱ्या बर्नरवर मशरूमची कढई मध्यम आचेवर चढवा.

काढायच्या आधी एक मोठा कप, २५० मिली, पास्त्याचं पाणी बाजूला काढा. विसरायचं नसेल तर कप सुरुवातीलाच पातेल्याशेजारी ठेवा. या गढूळ पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो. पाणी आणि स्निग्धांश एकमेकांना धरत नाहीत, तो स्टार्च त्यांना धरून ठेवतो. सॉस एकजीव आणि चकचकीत होतो तो त्यामुळे.

आणि पास्ता चाळणीत ओतून गार पाण्याखाली धरायचा नाही. हक्का नूडल्सला ते ठीक, इथे वरचा सगळा स्टार्च धुऊन निघतो.

कढईतली शेवटची चार मिनिटं

झाऱ्याने पास्ता उचलून थेट मशरूमच्या कढईत टाका. थोडं पाणी सोबत येऊ दे. वर पास्त्याचं पाणी १५० मिली. आच मोठी करून दीड-दोन मिनिटं सतत परता आणि हलवा. पाणी निम्मं आटेल, बाकीचं दाट होऊन पास्त्याला लपेटायला लागेल.

आच बारीक करा. क्रीम घाला, एक मिनिट हलवा, पण उकळी फुटू देऊ नका. टेट्रा पॅकच्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. परदेशी पाककृतींत गृहीत धरलेल्या क्रीममध्ये तो ३५ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून ती खळखळ उकळली तरी तग धरते. आपली धरत नाही. याच कारणाने या सॉसमध्ये पांढरी वाइन घालणं आम्ही नवशिक्यांना सुचवत नाही. तिचा आंबटपणा आणि आपली हलकी क्रीम यांचं पटत नाही.

गॅस बंद. अर्धा मिनिट थांबा. आता चीज दोन हप्त्यांत, प्रत्येक वेळी जोरात ढवळून. उरलेलं १५ ग्रॅम बटर, भरपूर मिरी, लिंबाची किसलेली साल आणि शेवटी रसाचे चार-पाच थेंब. चव बघा, मगच मीठ.

सॉस किती पातळ असावा? ताकापेक्षा दाट, बासुंदीपेक्षा पातळ. कढईत तो थोडा सैलच दिसायला हवा. टेबलापर्यंत जाता जाता तो आळतो. कढईतच अगदी बरोबर वाटला तर ताटात घट्ट होणार, दोन चमचे पास्त्याचं गरम पाणी आणखी घाला. दूध नको, त्याने चव पातळ होते.

क्रीम फाटून तूप दिसायला लागलंच तर घाबरू नका. कढई आचेवरून उतरवा, तीन चमचे पास्त्याचं पाणी घालून जोरात फेटा. बहुतेक वेळा सॉस परत जुळतो. चीजचा गोळा झाला असेल तर तो मात्र सुटत नाही. तो झाऱ्याने काढून टाका, राहिलेल्या सॉसला मिरी-लिंबू देऊन पुढे चला. आणि सगळं बरोबर असूनही चव सपाट वाटली तर मीठ वाढवायच्या आधी लिंबाचे दोन थेंब घालून बघा. क्रीमच्या पदार्थात अनेकदा मिठाची नाही, आंबटाची उणीव असते.

टेबल

खोलगट सिरॅमिकच्या डिश घ्या आणि पास्ता काढायच्या दोन मिनिटं आधी त्यांत कढत पाणी भरून ठेवा, मग पुसा. मुंबईत जेवताना डोक्यावर पंखा असतोच, आणि पंख्याखाली गार डिशमधला क्रीमचा पास्ता तीन मिनिटांत थिजतो. मेणबत्तीही त्याच पंख्याने विझते. ती काचेच्या ग्लासात ठेवा किंवा पंखा एकवर करा. एसी असेल तर त्याचा झोत टेबलावर येत नाही ना, बघा.

दादरच्या फूलबाजारातून फुलं आणणार असाल तर गुलाब, जर्बेरा, शेवंती आणा. मोगरा आणि निशिगंध सुंदरच, पण त्यांना दाराशी किंवा खिडकीत ठेवा. त्यांचा दरवळ टेबलावर असला की मशरूमचा वास नाकापर्यंत पोचतच नाही, आणि या पदार्थाची निम्मी गोडी वासात आहे.

बाजूला पाव हवा, सॉस पुसून खायला. गोड मऊ गार्लिक ब्रेडपेक्षा इराणी बेकरीतला ब्रून इथे फार शोभतो. कडक कवच, आत कोरडा मऊ गर. आडवा कापून आत लसूण-बटर लावा आणि तव्यावर दाबून दोन मिनिटं शेका. दोन्ही बर्नर पुढे अडकणार आहेत, तेव्हा हे सव्वाआठच्या आत उरका आणि फडक्यात गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात ब्रून तासाभरात मऊ पडतो, तेव्हा तो शक्य तितका उशिरा शेका.

सोबत काकडीचे पातळ काप, लिंबू, मीठ, बस्स. क्रीमला उतारा म्हणून आंबट पेय छान लागतं : दोन टेबलस्पून अमृत कोकम, बर्फ, वर गार सोडा, चिमूटभर मीठ. दोघांनाही वाइन चालत असेल तर नाशिकची शेनिन ब्लाँक, चांगली थंड केलेली. गोड म्हणून काही शिजवू नका. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, एप्रिल-मेमध्ये हापूसच्या फोडी, इतर वेळी सीताफळाचं आइस्क्रीम. क्रीमच्या पास्त्यानंतर क्रीमचाच केक जड होतो.

उरेल इतका करू नका, कारण तो दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखा होत नाही. उरलाच तर तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि कढईत बारीक आचेवर तीन चमचे पाणी घालून हलक्या हाताने गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये सॉस फाटतो.

उठायच्या आधी कढईत आणि पातेल्यात गार पाणी ओतून ठेवा. गरम पाण्याने चीजच्या तारा होऊन त्या घासणीत अडकतात. गार पाण्यात रात्रभर भिजलं की सकाळी सगळं एका हाताने निघतं.